सोवळ्यातली पुस्तके

पुस्तक विकत घेऊन न वाचणे हा काही गुन्हा नाही. तसा असता तर निम्मा मराठी मध्यमवर्ग आज गजाआड असता. आपण पुस्तक घेतो, पहिल्या पानावर झोकात नाव-तारीख घालतो आणि ‘दिवाळीच्या सुट्टीत वाचू’ म्हणून फळीवर ठेवून देतो. सुट्टी येते आणि जाते. पण त्यात वाचायची इच्छा तरी असते. माझे भांडण या गरीब माणसांशी नाही. जे पुस्तक वाचले जाऊ नये म्हणूनच विकत घेतात, त्यांच्याशी आहे. अहो, अशी एक जमात आहे! तिला दुर्मीळ ग्रंथांचे संग्राहक म्हणतात आणि ‘पहिली आवृत्ती’ हे तिचे कुलदैवत आहे.

आमच्या ओळखीचे एक गृहस्थ या पंथातले. त्यांचे काचेचे कपाट बघण्याचा योग आला. मी सवयीने हात पुढे केला, तर ते केवढ्याने तरी ओरडले, “हां हां! आधी हातमोजे घाला!” (जुनी पुस्तके धुतलेल्या, कोरड्या हातांनीच हाताळावीत, असे हल्ली मोठमोठ्या ग्रंथालयांतले जाणकार सांगतात. मोज्यातून पान नीट कळत नाही आणि फाटते. पण भक्ताला शास्त्र सांगून उपयोग नसतो.) मी मोजे चढवले. त्यांनी एक इंग्रजी पुस्तक माझ्यासमोर धरले. शंभरेक वर्षांचे असेल. पूर्वी पाने सुरीने फाडावी लागत ना, तशा त्याच्या घड्या अजून जोडलेल्याच होत्या.

“एकही पान फाडलेलं नाही,” ते म्हणाले. चेहऱ्यावर कन्या कुलीन घरात दिल्याचे समाधान.

“मग तुम्ही वाचलंत कसं?”

“वाचायला पेपरबॅक आहे की!”

माझी आजी लोणच्याच्या बरणीला सोवळ्याशिवाय कुणाला शिवू देत नसे. पण ते लोणचे शेवटी आमच्याच पानात पडे. बरणी उघडायचीच नाही आणि वीस वर्षांनी लिलावात काढायची, हे काही त्या माउलीला सुचले नाही.

कोरेपणाचा मोह मला कळतो. माझा जन्म नोटा मोजण्यात गेला. लग्नसराईत लोक काउंटरवर येऊन “साहेब, जरा कोऱ्या द्या ना” म्हणून गळ घालतात. पण शंभराच्या कोऱ्या नोटेत शंभराचाच माल येतो आणि मळक्या नोटेतही शंभराचाच येतो. एवढे अर्थशास्त्र बी. कॉम. न होताही समजते. पुस्तकांच्या या बाजारात मात्र नोट खर्च केली की बाद!

बरे, पहिली आवृत्ती म्हणजे तरी काय? लेखकाचे जास्तीत जास्त चुका असलेले पुस्तक. पुढच्या छपाईत तो बिचारा त्या सुधारतो. संग्राहकाला नेमक्या त्या चुकाच हव्या असतात. ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीच्या १९२५ सालच्या पहिल्या छपाईत २०५व्या पानावर एक शब्दप्रयोग चुकला. तो चुकलेला असेल तरच प्रत अस्सल. तिच्या वेष्टनाच्या मागच्या बाजूला ‘जे’ हे अक्षर थोरल्या वळणाऐवजी धाकट्या वळणात पडले, ते मग हाताने शाई लावून दुरुस्त केले. आमच्याकडे चेकवर अशी खाडाखोड असली, तर चेक परत जातो. तिकडे ही खाडाखोड वागवणारे कागदी वेष्टन शाबूत असेल, तर पुस्तकाची किंमत कित्येक पटींनी चढते. म्हणजे पैसे मोजायचे ते कादंबरीचे नव्हेत, तिच्या अंगरख्याचे.

किंवा हॅरी पॉटर घ्या. १९९७ साली पहिल्या पुस्तकाच्या पुठ्ठाबांधणीच्या फक्त ५०० प्रती निघाल्या. त्यात ५३व्या पानावर शाळेला न्यायच्या सामानाची यादी आहे आणि तीत ‘एक छडी’ दोनदा छापली आहे. अशी एक प्रत डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत ४ लाख ७१ हजार डॉलरला गेली. आमच्या किराण्याच्या यादीत मी एकदा साखर दोनदा लिहिली, तर घरात त्याचे भांडवल आठ दिवस चालले.

मराठीत हा छंद फोफावला नाही त्याचे कारण उघड आहे. आपल्याकडे पहिली आवृत्ती दुर्मीळ होत नाही, दुसरी होते. कितीतरी कवींच्या पलंगाखाली त्यांच्या पहिल्या आवृत्तीचा संपूर्ण संग्रह आजही सुस्थितीत आहे. आणि ज्याची दुसरी निघाली त्याचा दाखला बघा. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. तेवढ्यावर न थांबता त्याने १८५७ साली सुधारून, वाढवून दुसरी आवृत्ती काढली. आज आपण ‘मोल्सवर्थमध्ये बघ’ म्हणतो तेव्हा बघतो ती ही दुसरी. संग्राहकाच्या हिशेबाने साहेबाने मधली सव्वीस वर्षे फुकट घालवली.

या पहिलेपणाच्या हव्यासाने काय होते, त्याची एक लंडनची कथा आहे. टॉमस वाइझ नावाचा एक गृहस्थ होता. सुगंधी तेलांच्या पेढीत कारकून म्हणून लागला (हे लिहिताना मला जरा अवघडल्यासारखे होते) आणि इंग्लंडातला सर्वांत मान्यवर ग्रंथसंग्राहक झाला. सगळे पहिल्या आवृत्तीमागे धावताहेत हे बघून त्याच्या डोक्यात कल्पना आली, पहिलीच्याही आधीची आवृत्ती का असू नये? मग त्याने टेनिसन, ब्राउनिंग अशा मंडळींच्या पुस्तिका मागच्या तारखा घालून छापून घेतल्या आणि दुर्मीळ म्हणून एकेक करून बाजारात सोडल्या. एलिझाबेथ ब्राउनिंगबाईंच्या सुनीतांची १८४७ सालची प्रत तर भल्याभल्यांनी हौसेने घेतली. मोठमोठ्या रकमा मोजल्या, कातड्याची बांधणी करून घेतली. संशय कुणाला आला नाही.

१९३४ साली जॉन कार्टर आणि ग्रॅहॅम पोलार्ड या दोन तरुण पुस्तकविक्यांनी हे बिंग फोडले. कसे? त्यांनी त्या पुस्तिकांचा कागद तपासून घेतला. एस्पार्टो नावाच्या गवताचा कागद इंग्लंडात १८६१ च्या सुमारास वापरात आला आणि वाइझच्या काही पुस्तिकांवर त्याच्या कितीतरी आधीच्या तारखा. आमच्या कर्जखात्यात अशी प्रकरणे येतात. करार झाला म्हणे दोन हजार दहा साली आणि स्टँपपेपर विकला गेला दोन हजार पंधरात! नवा लागलेला पोरगादेखील पहिल्यांदा ती तारीख बघतो.

वाइझने मरेपर्यंत कबुली दिली नाही. १९३७ साली तो वारला आणि त्याचा ग्रंथसंग्रह ब्रिटिश म्युझियमने ६६ हजार पौंडांना विकत घेतला. गंमत पुढेच आहे. दोन दशकांनी असे सिद्ध झाले की, आपल्या अपुऱ्या प्रती पुऱ्या करण्यासाठी या महाभागाने जुन्या नाटकांची पाने म्युझियमच्याच प्रतींतून फाडून नेली होती. दोनशेच्या वर पाने! त्यांतली बरीच म्युझियमने पैसे देऊन परत घेतली. आपल्याच तिजोरीतून गेलेल्या नोटा मुदतठेव म्हणून स्वीकारून वर पावती देण्याचा हा प्रकार. आणि आता? आता वाइझने केलेल्या बनावट पुस्तिकाच संग्राहक शोधत असतात. दुर्मीळ आहेत ना!

“पण आम्ही जपलं नसतं तर काही उरलं असतं का?” आमचे गृहस्थ विचारतात. प्रश्न बिनतोड आहे आणि त्याचे उत्तर हेन्री फोल्जर. हाही तेलवालाच, पण खनिज तेलाचा. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ सालचा पहिला संग्रह त्याने एकदोन नव्हे, ८२ प्रतींत जमवला. ऐकून मलाही वाटले, याला वेड लागले असावे. पण त्याने वॉशिंग्टनला ग्रंथालय बांधवून ते सगळे तिथे ठेवले. ते १९३२ साली उघडले. मग चार्ल्टन हिनमन नावाच्या अभ्यासकाने त्या प्रती पानापानाने ताडून पाहिल्या आणि छापता छापता कुठे काय बदलत गेले, कोणत्या जुळाऱ्याने कोणते पान जुळवले असावे, तेही शोधले. हा संग्राहक मला मान्य आहे. त्याच्या प्रती उघडल्या गेल्या.

देखण्या छपाईचेही तेच. विल्यम मॉरिस समाजवादी. कला सर्वांची हवी म्हणणारा. त्याने १८९१ साली केल्मस्कॉट प्रेस काढला आणि १८९६ साली चॉसरचा तो प्रसिद्ध ग्रंथ छापला, ८७ चित्रांचा. प्रती ४२५, चर्मपत्रावरच्या वेगळ्या १३, किंमत २० पौंड. तेव्हाच्या मजुराने सर्वांच्या कलेची प्रत घ्यायची म्हटली तर कित्येक आठवडे उपाशी राहायला हवे. त्याच भागातल्या डव्ह्ज प्रेसच्या कॉब्डन-सँडरसनने तर कमाल केली. भागीदाराच्या हाती जाऊ नये म्हणून आपला सुंदर टाइप त्याने १९१६ सालापासून रात्री-बेरात्री पुलावर जाऊन थेम्स नदीत टाकला. वय पंचाहत्तरीच्या पुढे, टाइपाचे वजन टनभर! त्यातले दीडशे खिळे २०१४ साली पाणबुड्यांनी वर काढले. आमच्या जावजी दादाजींनी निर्णयसागरासाठी इतका रेखीव देवनागरी टाइप पाडला, पण छापली काय, तर पंचांगे आणि पाठ्याची संस्कृत पुस्तके. पंडितांनी ती मांडीवर घेऊन झिजवली. त्यांच्यावर हळदीकुंकवाचे डाग आहेत.

संग्राहकांच्या यादीत सर्वांत अपमानाचा शेरा कोणता, माहीत आहे? ‘एक्स-लायब्ररी’. म्हणजे पुस्तक वाचनालयातून आलेले. त्यावर शिक्का आहे, मागे तारखांची चिठ्ठी आहे, कोपरे दुमडले आहेत. किंमत धाडकन खाली. हॅरी पॉटरच्या त्या ५०० प्रतींपैकी सुमारे ३०० वाचनालयांत गेल्या होत्या. पोरांनी त्या पांघरुणात घेऊन, खाताखाता, चिकट हातांनी वाचल्या, म्हणून त्या सदोष. इकडे आमच्या गावच्या वाचनालयात शेवटच्या पानावर तारखांच्या शिक्क्यांना जागा उरली नाही की दुसरी चिठ्ठी डकवत. तीन चिठ्ठ्या एकावर एक असलेली कादंबरी मी पाहिली आहे. पुढे जागा हवी म्हणून तिच्यासकट पोतेभर पुस्तके वजनावर गेली, तेव्हा एकही संग्राहक हातमोजे घालून धावत आला नाही.

तसे तीन चिठ्ठ्यांचे एखादे पुस्तक लिलावात निघाले तर मला जरूर कळवा. कितीपर्यंत बोली लावता येईल ते विचारायला कुठे जावे लागणार नाही; पासबुक भरायचा काउंटर माझ्याकडेच आहे.