वादळ एकच, कागद वेगवेगळे: चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियातील कामगार आणि उन्हाळी वादळे

एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रात दुपारनंतर अचानक आभाळ भरून येते, धूळ उठते, विजा कडाडतात आणि तासाभरात सगळे शांत होते. आपण त्याला वळीव म्हणतो. चंदीगडला याच दिवसांत येणाऱ्या धुळीच्या वादळाला 'आंधी' म्हणतात. तिचे कारण मात्र थोडे वेगळे आहे. शहर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे 320 मीटर उंचीवर आहे. उत्तरेला हिमाचलचे डोंगर आणि दक्षिणेला पंजाब-हरियाणाचे तापलेले मैदान. भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात हिवाळ्यात डोंगरावर बर्फ आणि मैदानात गव्हाला पाऊस देतात. तेच उशिरा, म्हणजे मे महिन्यात आले की खाली 40 अंशांच्या पुढे तापलेली हवा आणि वर थंड हवा अशी गाठ पडते. मग ताशी 50 ते 60 किलोमीटर वेगाचे वारे, विजा आणि कधी गारा. हे झंझावात उन्हाळ्यात उशिरापर्यंत येत राहण्याचे प्रमाण वाढल्याचे हवामानाचे अभ्यासक सांगतात. 9 जुलै 2023 च्या सुमारास असाच एक झंझावात मान्सूनला येऊन मिळाला आणि चंदीगडमध्ये 24 तासांत 300 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस पडला.

हवामानाच्या बातम्यांत बहुतेक वेळा तापमान किती उतरले एवढेच सांगितले जाते, आणि शहराला त्या गारव्याचा आनंदही होतो. शहराच्या पूर्वेकडील इंडस्ट्रियल एरियात गोष्ट वेगळी असते. तिथे पत्र्याची शेडे आहेत, उघड्यावर माल चढवणारे-उतरवणारे हमाल आहेत आणि दडवा, रामदरबार, हल्लोमाजरा इथल्या भाड्याच्या खोल्यांतून येणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार आहेत. 2 मे 2018 च्या रात्री राजस्थान आणि उत्तर प्रदेशात वादळांनी 100 हून अधिक बळी घेतले, त्यांतले अनेक जण भिंती आणि छपरे अंगावर कोसळून गेले. मुंबईत 13 मे 2024 रोजी घाटकोपरला वादळात जाहिरात फलक पडून 17 जणांचा जीव गेला.

असा अपघात झाला तर कुटुंबाला काय मिळेल, हे वादळ किती मोठे होते यावर ठरत नाही. माणूस त्या क्षणी कुठे होता आणि त्याच्या नावावर कोणता कागद होता, यावर ठरते.

शेडच्या आत किंवा कामाच्या वाटेवर

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात काम आणि पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय लागू होतो. कामामुळे व कामाच्या वेळेत झालेल्या अपघातात मृत्यू झाल्यास अवलंबितांना वेतनाच्या 90 टक्क्यांच्या हिशेबाने दरमहा रक्कम मिळते. घरून कामावर जाताना किंवा परतताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दाखवता आला तर, यात धरला जातो. या भागासाठी ईएसआयचे रुग्णालय रामदरबारला आहे.

अडचण येते ती ठेकेदारामार्फत लागलेल्या माणसाची. "तो आमचा नाही" असे कारखाना म्हणतो, आणि ठेकेदाराचा फोन लागत नाही. कायद्याने मात्र ठेकेदाराच्या कामगाराचे अंशदान भरण्याची जबाबदारी शेवटी मुख्य मालकावरच येते. म्हणून आपला विमा क्रमांक आजच मागून घ्या आणि घरी कोणाला तरी सांगून ठेवा. अपघात झालाच तर तो कारखान्याच्या अपघात वहीत त्याच दिवशी लिहून घ्यायला लावा. आठवड्याने लिहिलेल्या नोंदीवर शंका घेतली जाते.

गल्लीत, बाजारात, सुटीच्या दिवशी

इथे ईएसआय लागत नाही. उपयोगी पडते ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना: वर्षाला 20 रुपये, वय 18 ते 70, अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये. नैसर्गिक आपत्तीतला मृत्यू किंवा अपंगत्व यात धरले जाते. दुसरा विमा असला तरी हे पैसे वेगळे मिळतात. खाती कितीही असोत, संरक्षण मात्र एकच.

या योजनेचे वर्ष 1 जून ते 31 मे असते. म्हणजे ऐन आंधीच्या हंगामात जुने वर्ष संपते आणि नवा हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. त्या वेळी खात्यात 20 रुपये नसतील तर संरक्षण थांबते, आणि बहुतेकांना ते कळतही नाही. गावी उघडलेले जनधन खाते, वर्षभर व्यवहार नाही, खाते निष्क्रिय, अशी स्थिती स्थलांतरित कामगारांत नवी नाही. मे संपण्याआधी खात्यात पैसे ठेवा. हप्ता कापल्याचा संदेश आला का पाहा, आणि आला नसेल तर बँकेत विचारा. दावा त्याच बँकेत, अपघातापासून 30 दिवसांत करायचा असतो. खाते गोरखपूरला आणि मृत्यू चंदीगडला, असे असेल तर हे 30 दिवस फार लवकर संपतात. शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला चंदीगडहून निघतानाच सोबत घ्यावा.

घर पडले तर

2022 ते 2026 या काळासाठी केंद्राने ठरवलेल्या निकषांत मृत्यूसाठी 4 लाख, सपाट प्रदेशात पूर्ण पडलेल्या घरासाठी 1 लाख 20 हजार आणि झोपडीसाठी 8 हजार रुपये असे दर होते. पण हे दर अधिसूचित आपत्तींसाठी होते. त्या काळाच्या यादीत गारपीट आणि चक्रीवादळ होते, वीज पडणे आणि आंधी नव्हती. राज्ये आपल्या निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरू शकतात, आणि महाराष्ट्राने वीज पडणे त्यात घेतले आहे. त्यामुळे तलाठ्याच्या पंचनाम्यावर मदत मिळालेले कुटुंब आपल्या ओळखीत असेल. तोच नियम चंदीगडला लागू असेल असे गृहीत धरू नका. चंदीगड केंद्रशासित प्रदेश आहे, तिथला निर्णय प्रशासनाचा, आणि चौकशीची जागा म्हणजे सेक्टर 17 मधले उपायुक्त कार्यालय.

शिवाय घराच्या मदतीसाठी बांधकाम अधिकृत असावे लागते. इंडस्ट्रियल एरियातील कॉलनी नंबर 4 ही वस्ती 1 मे 2022 रोजी, कामगार दिनीच, हटवली गेली आणि पात्र कुटुंबांना मलोयाला भाडेतत्त्वावर घरे देण्यात आली. उरलेले बरेच कामगार भाडेकरू आहेत. छप्पर उडाले तर मदत घरमालकाच्या नावे निघते, आणि भिजलेले धान्य व अंथरूण भाडेकरूचे असते. निकषांत कपडे आणि भांडी यांसाठी प्रत्येकी 2,500 रुपयांची वेगळी तरतूद कुटुंबासाठी होती. पंचनाम्याच्या वेळी भाडेकरूने आपले नाव आणि नुकसान लिहून घेण्याचा आग्रह धरावा, सोबत भाड्याची पावती किंवा वीजबिलाचा फोटो द्यावा.

विजेचा इशारा मोबाइलवर मिळतो. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' अ‍ॅप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देते आणि ते चंदीगडलाही चालते. सूचना आली की हमालाने हातातली पेटी ठेवून आत जायचे. त्या अर्ध्या तासाची मजुरी कोण देणार, याचे उत्तर मात्र वरच्या कोणत्याही योजनेत नाही.