पडणे आणि उठणे

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या आठ फुटी भिंतीवरून सातवीतल्या एका मुलाने उडी मारली आणि त्याचा घोटा मोडला. घरी भेटावयास गेलो, तेव्हा तो खजील होऊन म्हणाला, "गुरुजी, मोबाईलवरच्या खेळात याच्याहून उंचावरून उडी मारतात की!"

रागावण्याऐवजी मी त्याच्याजवळ बसून तो खेळ पाहिला. 2020 च्या सप्टेंबरात ज्या 'पबजी'वर आपल्या देशात बंदी आली आणि जो 2021 च्या जुलैत नवे नाव घेऊन परतला, तोच हा खेळ. सारे थोतांड असेल, अशी माझी समजूत होती. ती खोटी ठरली. दूरच्या शत्रूवर नेम धरताना बंदूक किंचित वर रोखावी लागते, कारण गोळी वाटेत खाली झुकते. पळणाऱ्यावर मारावयाची तर त्याच्या पुढे नेम धरावा लागतो. गुरुत्वाकर्षणाचा हा पाठ फळ्यावर शिकविताना आमची दमछाक होते! उंचावरून पडल्यास खेळातला गडी जखमीही होतो.

मग खोटे ते काय? खोटे आहे ते त्यापुढचे. औषधाची पेटी उघडली की काही सेकंदांत तो गडी पुन्हा धावू लागतो.

आठ फुटांवरून पडणारा देह ताशी सुमारे 25 किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. हे गणित यंत्राला येते. परंतु हाड जुळण्यास लागलेले सहा आठवडे, तेवढ्या दिवसांत आईची बुडालेली मजुरी आणि मुलाच्या रात्रीच्या वेदना, हे गणित त्याला कोणी शिकविलेले नाही.

हिवाळ्यात सहलीला गेलो असता कलबुर्गीच्या किल्ल्यातील सुमारे 29 फूट लांबीची तोफ मुलांना दाखविली. अशा तोफांची नळी प्रत्येक बारानंतर पुसावी लागे, मग दारू ठासावयाची, मग गोळा भरावयाचा, हेही सांगितले. तो मुलगा म्हणाला, "म्हणजे तोफेलाही थांबावे लागायचे, गुरुजी?"

पालकहो, मुलाच्या हातचा मोबाईल हिसकावून घेण्यापूर्वी एकदा त्याच्याजवळ बसा. खेळातले खरे कोणते, ते त्यालाच सांगू द्या. खोटे कोणते, ते आपण सांगावे. पडणे तेथे हुबेहूब आहे, उठणे मात्र नाही.

परतताना किल्ल्याच्या पायऱ्या तो मुलगा एकेक करून, जपून उतरत होता.