खोल समुद्रातील लाट आणि किनाऱ्यावरचा इशारा

रशियाच्या अतिपूर्वेकडील कामचात्का द्वीपकल्पाजवळ ३० जुलै २०२५ रोजी ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि प्रशांत महासागराच्या काठचे देश काही मिनिटांत सावध झाले. जपानने तीन मीटरपर्यंत उंचीच्या त्सुनामी लाटा येऊ शकतील असे जाहीर करून वीस लाखांच्या आसपास नागरिकांना उंच जागी जाण्यास सांगितले. हवाई बेटांवर लोक एकाच वेळी बाहेर पडल्याने रस्ते मोटारींनी तुंबले. प्रत्यक्षात जपानच्या कुजी बंदरात नोंदली गेलेली लाट १.३ मीटरच्या आसपास होती. हवाईतही मोठी हानी झाली नाही. दुसऱ्या दिवसापासूनच 'एवढ्याशा लाटेसाठी एवढा गाजावाजा कशाला?' असा सूर जगभर उमटू लागला. लांडगा आला रे आला, या गोष्टीची आठवण काढणारेही निघाले.

हा सूर समजण्यासारखा असला तरी तो घातक आहे. इशारा देणाऱ्यांचे काही चुकले असे मानणाऱ्यांची मूळ गफलत त्सुनामीच्या स्वभावाविषयी आहे. खोल समुद्रातील त्सुनामी आणि किनाऱ्यावरची त्सुनामी ही एकाच लाटेची दोन रूपे होत. परंतु ती एकमेकांपासून इतकी भिन्न आहेत की पहिल्यावरून दुसऱ्याचा अचूक अंदाज करणे आजच्या शास्त्रालाही पुरते साधलेले नाही.

वाऱ्याने उठणारी लाट कितीही उग्र दिसली तरी ती समुद्राच्या वरच्या थरापुरती असते. शंभर-दोनशे मीटर खाली पाणी जवळजवळ स्वस्थ असते. त्सुनामीचे तसे नाही. भूकंपात समुद्राचा तळ शेकडो किलोमीटर लांबीच्या पट्ट्यात उचलला किंवा खचला, की त्याच्यावरचा पाण्याचा सगळा स्तंभ, तळापासून पृष्ठापर्यंत, हलतो. त्यातून जी लाट निघते तिच्या एका शिखरापासून दुसऱ्या शिखरापर्यंतचे अंतर शंभर-दोनशे किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक असते. उंची मात्र अर्धा-एक मीटर. अशी लाट जहाजाखालून गेली तर ते दहा-पंधरा मिनिटांत हातभर वर जाते आणि तितक्याच सावकाश खाली येते. नाखव्याला त्याचा पत्ताही लागत नाही. २६ डिसेंबर २००४ च्या हिंदी महासागरातील महाभयंकर त्सुनामीवरून भूकंपानंतर सुमारे दोन तासांनी 'जेसन-१' हा उपग्रह योगायोगाने गेला. त्याने मोजलेली लाटेची उंची सुमारे ६० सेंटिमीटर होती. सव्वादोन लाखांच्या आसपास माणसांचा बळी घेणारी लाट भर समुद्रात माणसाच्या कमरेइतकीही नव्हती.

'त्सुनामी' या जपानी शब्दाचा अर्थच 'बंदरातील लाट' असा आहे, आणि तो अनुभवातून आलेला आहे. १५ जून १८९६ च्या संध्याकाळी जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर सुमारे बावीस हजार माणसे बुडाली. त्या वेळी कित्येक कोळी मासेमारीसाठी दूर समुद्रात होते. त्यांना काहीच जाणवले नाही. ते परतले तेव्हा बंदराच्या पाण्यात घरांचे वासे आणि प्रेते तरंगत होती.

ही निरुपद्रवी लाट किनाऱ्याजवळ राक्षसी का होते? तिचा वेग पाण्याच्या खोलीच्या वर्गमुळाप्रमाणे ठरतो. चार हजार मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ विमानाच्या वेगाने धावते. खोली शंभर मीटरवर आली की वेग ताशी सव्वाशेच्या आत येतो आणि दहा मीटर पाण्यात तो जेमतेम पस्तीस उरतो. पुढचे पाणी असे मंदावत असताना मागचे अद्याप खोल समुद्रात वेगाने येत असते. लाट आखडते आणि लांबीत आखडलेले पाणी उंचीत वाढते. निव्वळ गणिताने पाहिले, तर चार हजार मीटरवरून दहा मीटरवर येताना उंची सुमारे साडेचार पट होते. म्हणजे साठ सेंटिमीटरची लाट पावणेतीन मीटरच्या घरात जाते.

पण हिशेब येथे संपत नाही; किंबहुना खरी अडचण येथूनच सुरू होते. किनाऱ्याचा उतार, खाडीचे तोंड, बंदराचा आकार, समोरचे बेट, त्या घटकेची भरती-ओहोटी या सर्वांचा परिणाम शेवटच्या काही किलोमीटरांत होतो. २०११ साली जपानमध्ये एकाच भूकंपाच्या लाटा सेंदाईच्या सपाट प्रदेशात जमिनीवर कित्येक किलोमीटर पसरल्या, तर सान्रिकूच्या चिंचोळ्या दऱ्यांतून पाणी जवळपास चाळीस मीटर उंच चढले. शिवाय ही लाट चित्रात दाखवतात तशी वळून फुटणारी भिंत क्वचितच असते. बहुधा समुद्रच फुगत जातो आणि आत येणारा लोंढा मिनिटांमागून मिनिटे थांबत नाही. त्यात होड्या, मोटारी, तुळया, पत्रे मिसळलेले असतात. गुडघाभर पाण्यातही माणसाचा पाय टिकत नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे 'फक्त १.३ मीटर' या शब्दांतील 'फक्त' किती फसवा आहे हे कळते.

आता इशारा देणाऱ्या केंद्राची परिस्थिती पाहावी. भूकंपाची जागा आणि स्थूल तीव्रता काही मिनिटांत कळते. समुद्राच्या तळाशी बसवलेली दाबमापक यंत्रे वरून जाणाऱ्या काही सेंटिमीटरच्या फुगवट्याचीही नोंद करतात आणि ती तरंगत्या बोयामार्फत उपग्रहाकडे धाडतात. खोलीचे नकाशे उपलब्ध असल्याने लाट कोणत्या बंदरात किती वाजता पोचेल हे जवळजवळ आगगाडीच्या वेळापत्रकासारखे सांगता येते. 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर शास्त्राजवळ आहे. 'किती' या प्रश्नाचे उत्तर मात्र किनाऱ्यावरच ठरते आणि ते आगाऊ सांगताना पुष्कळ सैल राहावे लागते. लोकांना, वृत्तपत्रांना आणि मंत्र्यांनाही हवे असते ते नेमके 'किती' याचे उत्तर.

या हट्टाची किंमत जपानने ११ मार्च २०११ रोजी मोजली. भूकंपानंतर अवघ्या तीन मिनिटांत तेथील हवामान संस्थेने इशारा दिला. कार्यक्षमतेत कोठेही कसर नव्हती. मात्र सुरुवातीच्या मोजणीत भूकंपाची तीव्रता कमी धरली गेली. मियागी प्रांतासाठी सहा मीटर आणि इवाते व फुकुशिमा प्रांतांसाठी तीन मीटर असे आकडे जाहीर झाले. तीन मीटर म्हटल्यावर त्याहून उंच तटबंदीआड राहणाऱ्यांना आपण सुरक्षित आहोत असे वाटले तर नवल नव्हते. पुढे आकडे वाढवण्यात आले, पण तोवर अनेक ठिकाणी वीज आणि संपर्क तुटला होता. मृत आणि बेपत्ता मिळून अठरा हजारांहून अधिक माणसे गेली. त्यापासून धडा घेऊन जपानने २०१३ पासून पद्धत बदलली. अतितीव्र भूकंपात पहिल्या इशाऱ्यात मीटरचे आकडेच द्यायचे नाहीत, 'प्रचंड' आणि 'उंच' असे शब्द वापरायचे. यंत्रांच्या बाबतीत जगात अग्रेसर असलेल्या देशाने आकडा बाजूस सारून शब्दाकडे यावे, याचा अर्थ प्रत्येक देशाच्या प्रशासनाने समजून घ्यावा असा आहे.

इशारा ऐकू येणे आणि तो कळणे यांतही अंतर असते. २२ मे १९६० रोजी चिलीत झालेल्या भूकंपाची लाट सुमारे पंधरा तासांनी हवाईतील हिलो शहरात पोचली. भोंगे कित्येक तास आधी वाजले होते. परंतु भोंग्याचा नेमका अर्थ कोणता याविषयी लोकांत गोंधळ होता आणि अनेक जण घरीच राहिले. ६१ माणसे दगावली. १९६४ साली अलास्कातील भूकंपानंतर कॅलिफोर्नियातील क्रेसेंट सिटी येथे पहिल्या लाटा लहान आल्या. संकट टळले असे समजून काही लोक खाली परतले, आणि चौथी लाट सर्वांत मोठी निघाली. त्सुनामी ही एक लाट नसून लाटांची मालिका असते, हे एक वाक्य ठाऊक असते तर त्यांतले काही जण वाचले असते.

भारताची कथा निराळी नाही. २००४ साली हिंदी महासागरात इशारा देणारी यंत्रणाच नव्हती. प्रशांत महासागरात ती १९४९ पासून काम करत होती. सकाळी साडेसहाच्या सुमारास भूकंप झाला आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे अडीच तासांनी आले. मधल्या वेळात कार निकोबारच्या हवाई तळावर समुद्र शिरल्याची वार्ता मुख्य भूमीवर पोचली होती, पण नागपट्टिणमच्या कोळीवाड्यांपर्यंत ती गेली नाही. देशात दहा हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. त्यानंतर सरकारने हैदराबाद येथे २००७ साली राष्ट्रीय इशारा केंद्र स्थापन केले. हे केंद्र उत्तम आहे आणि हिंदी महासागरातील अनेक देशांना त्याचा उपयोग होतो. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राजवळ ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा त्याची कसोटीही लागली. त्या वेळी तळाचे खडक उचलले न जाता मुख्यतः आडवे सरकले, त्यामुळे मोठी लाट उठली नाही. तीव्रतेच्या आकड्यावरून घाबरून किंवा निर्धास्त होऊन चालत नाही, याचे ते उदाहरण होय.

तथापि केंद्राचे सामर्थ्य खोल समुद्रापुरते आहे. लाटेला जिथे हजार-दोन हजार किलोमीटर तोडायचे असतात तिथे त्याचा उपयोग होतो. निकोबार बेटांचे तसे नाही. तेथे भूकंप अंगणातच होतो आणि लाट काही मिनिटांत दाराशी येते. इंडोनेशियातील पालू येथे २८ सप्टेंबर २०१८ रोजी अशीच लाट चिंचोळ्या आखातात काही मिनिटांत आली. त्याच वर्षी डिसेंबरात अनाक क्राकाताऊ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात ढासळली आणि भूकंपाचा धक्का न जाणवताच किनाऱ्यावर लाट धडकली. चारशेहून अधिक माणसे गेली. अशा ठिकाणी शेकडो मैलांवरील बोया काय करणार?

तेथे जे उपयोगी पडते ते सुमात्राजवळच्या सिमेउलू बेटाने दाखवले. १९०७ च्या त्सुनामीची आठवण तेथील लोकांनी गाण्यांतून आणि आजी-आजोबांच्या गोष्टींतून जपली होती. जमीन जोरात हादरली की डोंगराकडे पळायचे, हे लहान मुलालाही ठाऊक होते. २००४ चा भूकंप त्यांच्या अगदी जवळ झाला, तरी सत्तर हजारांवर वस्तीच्या त्या बेटावर मृतांची संख्या दहाच्याही आत राहिली. कामचात्काच्या शेजारच्या सेवेरो-कुरिल्स्कचेही काहीसे तसेच. १९५२ च्या त्सुनामीत ते गाव नष्ट झाले आणि दोन हजारांहून अधिक माणसे बुडाली. सोव्हिएत सरकारने ती बातमी दडपली, पण गाव पुन्हा वसवले ते उंच जागी. २०२५ साली पाणी बंदरात शिरले. वस्ती वर होती म्हणून वाचली.

आपल्याकडे आणखी एक समजूत रुजली आहे, ती म्हणजे समुद्र मागे हटला की त्सुनामी येते. २००४ साली थायलंडच्या बाजूला समुद्र आधी ओसरला हे खरे. परंतु भारत आणि श्रीलंका यांच्याकडे लाटेचे शिखर आधी आले. समुद्र हटण्याची वाट पाहत बसणाऱ्याला येथे ती खूण मिळालीच नसती.

पश्चिम किनाऱ्याला या साऱ्याचे काय, असे कोकणात आणि मुंबईत विचारले जाते. उत्तर इतिहासात आहे. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानात, ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. त्याची लाट मुंबईला सकाळी आठच्या सुमारास पोचली. तिची उंची सुमारे दोन मीटर होती आणि शहरातही काही माणसे वाहून गेली. मकरान ते मुंबई हे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर आहे. खोल समुद्राच्या वेगाने ते दोन तासांच्या आत तुटायला हवे होते, पण लागले साडेचार तासांहून अधिक. याचे कारण मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन. तेथे शे-सव्वाशे मीटरहून कमी खोलीचा उथळ पट्टा सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि लाटेला तो रांगत ओलांडावा लागतो. उथळ समुद्र लाटेला उंची देतो तसा शहराला वेळही देतो.

हे तास कशासाठी वापरायचे, हा प्रश्न हैदराबादच्या केंद्राचा नव्हे. तो महापालिकेचा, जिल्हाधिकाऱ्यांचा, बंदर खात्याचा आणि शाळांचा आहे. सकाळी आठ वाजता लोकलमध्ये, मासळी बाजारात, किनाऱ्यालगतच्या झोपडपट्टीत असलेल्या लाखो माणसांनी कोणत्या रस्त्याने कोणत्या उंचवट्यावर किंवा कोणत्या पक्क्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर जायचे? समुद्रात असलेल्या नौकांनी घाईने बंदर गाठू नये, खोल पाण्यातच थांबावे, हे नाखव्यांना कोण आणि कोणत्या यंत्रावरून सांगणार? पहिली लाट ओसरल्यावर पुळणीवर जमणाऱ्या बघ्यांना किती तास रोखून धरायचे? ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन किनारी गावांनी अशा प्रश्नांची उत्तरे नकाशे काढून आणि तालमी करून शोधली. २०२० साली त्यांना युनेस्कोच्या महासागर आयोगाची 'त्सुनामीसाठी सज्ज' अशी मान्यता मिळाली, आणि २०२४ मध्ये त्याच राज्यातील आणखी २४ गावे त्या यादीत गेली. या गावांतील तयारी पाहण्यासाठी परदेशी जावे लागत नाही. भुवनेश्वरपर्यंत आगगाडी जाते.