नवे ग्रंथ आपल्यापर्यंत केव्हा पोहोचणार?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने नवीन व आगामी ग्रंथांविषयी आणि त्यांच्या लेखकांविषयी लिहिण्याची सूचना आम्हांस केली, तेव्हा मनात पहिला प्रश्न आला तो असा की, नवीन म्हणजे कोणासाठी नवीन? ग्रंथाच्या आतल्या पानावर छापलेले प्रकाशनाचे वर्ष एक असते आणि आपल्या वसतिगृहातल्या विद्यार्थ्याच्या हाती तो ग्रंथ पडण्याचे वर्ष दुसरेच असते. इतिहासाचे अध्यापन करता करता या दोन वर्षांमधले अंतर मोजण्याची आम्हांला सवय जडली आहे. आपल्या समाजाच्या वाचनाचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यातील निम्मी पाने या अंतरानेच भरतील.

सर्वांना परिचित असलेले उदाहरण घेऊ. ज्या ग्रंथाचे वाचन आज वर्षावासात गावोगावच्या विहारांत होते, त्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे लेखन बाबासाहेबांनी इंग्रजीत केले. १९५१ पासून ते या कामात गुंतले होते. प्रकृती ढासळलेली, डोळे अधू झालेले, आणि छपाईचा खर्च सुमारे वीस हजार रुपये. सप्टेंबर १९५६ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून विनंती केली की, बुद्धजयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षानिमित्त सरकारने ग्रंथाच्या ५०० प्रती ग्रंथालयांसाठी व अभ्यासकांसाठी विकत घ्याव्यात. नेहरूंनी असमर्थता कळवली आणि पत्र उत्सव समितीचे अध्यक्ष डॉ. राधाकृष्णन यांच्याकडे धाडले. प्रती काही घेतल्या गेल्या नाहीत. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. छापील ग्रंथ त्यांना पाहता आला नाही. मराठी अनुवाद यायला १९७० साल उजाडले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांतल्या केवळ मराठी वाचू शकणाऱ्या माणसाला आपल्या धम्माचा हा ग्रंथ स्वतःच्या भाषेत मिळण्यासाठी १४ वर्षे थांबावे लागले. त्या माणसाचे दीक्षेच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर आठवी-नववीत पोहोचलेले होते.

पुढेही हीच कथा. चां. भ. खैरमोडे यांनी बाबासाहेबांच्या चरित्राचा पहिला खंड १९५२ मध्ये काढला आणि बारा खंडांचा संकल्प उराशी धरला. १९७१ मध्ये ते गेले. उरलेले खंड त्यांच्या पश्चात निघाले. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ मध्ये प्रसिद्ध केला, म्हणजे महापरिनिर्वाणानंतर तेवीस वर्षांनी. 'रिडल्स' असलेला चौथा खंड १९८७ मध्ये आला, आणि त्यावरून झालेले रणकंदन आमच्या पिढीला चांगलेच आठवते. हेच काम पुढे इतके मंदावले की, २०२१ च्या डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाला एका वृत्तपत्रातील बातमीवरून स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांचे ग्रंथ छापून घेण्यासाठी न्यायालयाने शासनाला प्रश्न विचारावा, ही स्थिती आपल्याला फारशी बोचली नाही, याचेच आम्हांला अधिक वाटते. जयंतीच्या मिरवणुकीत एकही फलक या विषयावरचा आमच्या पाहण्यात आला नाही.

आता अलीकडच्या ग्रंथांकडे वळू. गेल्या काही वर्षांत आपल्याच वस्त्यांतून आलेल्या किंवा आपल्या इतिहासात खोल शिरलेल्या लेखकांनी जे लिहिले आहे, ते पाहून ऊर भरून यावा. मात्र त्यातले बरेचसे इंग्रजीत आहे.

डॉ. शैलजा पाईक यांचे नाव २०२४ मध्ये अमेरिकेतील मॅकआर्थर फेलोशिपच्या निमित्ताने घरोघरी पोहोचले. पुण्याच्या येरवड्यातील वस्तीत एका खोलीच्या घरात त्या वाढल्या आणि आज सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक आहेत. अभिनंदनाचे संदेश आपण सर्वांनी एकमेकांना पाठवले. त्यांचे ग्रंथ किती जणांनी उघडून पाहिले, हा प्रश्न मात्र अवघड आहे. २०१४ मध्ये आलेला त्यांचा पहिला ग्रंथ दलित स्त्रियांच्या शिक्षणाचा इतिहास आहे. शाळेत जाणारी दलित मुलगी जातीचे आणि स्त्रीत्वाचे असे दुहेरी ओझे कसे वाहते, हे त्यांनी कागदपत्रांबरोबरच स्त्रियांच्या मुलाखतींतून मांडले. आमच्या दृष्टीने या ग्रंथाचे मोल असे की, आपल्या आयाबहिणींचे बोलणे येथे इतिहासाचे साधन ठरले आहे. मुलाखत देणारी बाई जे मराठीत बोलली, ते इंग्रजी ग्रंथात गेले. तिच्या नातीला ते पुन्हा तिच्या भाषेत वाचायला मिळावे, एवढीच अपेक्षा आम्ही धरतो आणि ती वाजवी आहे.

२०२२ मधील त्यांचा दुसरा ग्रंथ, 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट', तमाशात नाचणाऱ्या दलित स्त्रियांविषयी आहे. पवळाबाई हिवरगावकरांपासून मंगला बनसोडे यांच्यापर्यंतचा पट त्यात येतो. या ग्रंथाची आम्ही एका पालकसभेत माहिती दिली, तेव्हा एका पालकांनी विचारले, "गुरुजी, तमाशावरचे पुस्तक मुलींच्या वसतिगृहात कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता. आपल्या समाजाने प्रतिष्ठा मिळवताना जे मागे टाकले, त्यात तमाशाचा फड होता. जून १९३६ मध्ये मुंबईत बाबासाहेबांनी देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्यासमोर भाषण करून त्यांना तो व्यवसाय सोडण्याचे आवाहन केले, हेही आपण विसरत नाही. परंतु जी बाई बोर्डावर उभी राहून घर चालवत होती, तिला या प्रतिष्ठेत जागा मिळाली की नाही? ज्या समाजव्यवस्थेने तिला नाचवले, तिनेच तिला अश्लील ठरवले, आणि आपणही मान वळवली. हा प्रश्न आपल्या लेकींनी विचारायचा नाही, तर कोणी विचारायचा? आमचे मत स्पष्ट आहे: हा ग्रंथ मुलींच्या वसतिगृहात असावा आणि नववी-दहावीच्या मुलींबरोबर त्यातील काही भाग शिक्षिकांनी मराठीत समजावून वाचावा.

बाबासाहेबांच्या चरित्रांची तर या काळात रीघच लागली. त्यातील दोन ग्रंथांचा उल्लेख पुरे. अशोक गोपाल यांचा 'अ पार्ट अपार्ट' २०२३ मध्ये आला. आठशेहून अधिक पृष्ठांच्या या ग्रंथाचे बळ असे की, लेखकाने बाबासाहेबांची मराठी भाषणे व वृत्तपत्रीय लेखन मनापासून वाचले आहे. इंग्रजीत लिहिणारे पुष्कळसे चरित्रकार या दालनाच्या दाराशीच थबकतात. 'मूकनायक', 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' यांतील बाबासाहेब वेगळे बोलतात. तेथे ते आपल्या माणसांशी, आपल्या बोलीच्या जवळ जाऊन, प्रसंगी रागावून बोलतात. शासनाच्या अठराव्या खंडाचे तीनही भाग मराठी भाषणांचेच आहेत. ते आपल्या कपाटात आहेत. पुठ्ठ्यांना नवे कोरेपण अजून टिकून आहे, यात आनंद मानावा की खेद, हे वाचकांनी ठरवावे.

दुसरा ग्रंथ डॉ. आनंद तेलतुंबडे यांचा 'आयकॉनोक्लास्ट', २०२४ मधला. यवतमाळ जिल्ह्यातील राजूरचे हे लेखक. बाबासाहेबांच्या काही निर्णयांची त्यांनी कठोर चिकित्सा केली आहे आणि भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रांपासून आपला ग्रंथ जाणीवपूर्वक दूर ठेवला आहे. त्यातील सर्व निष्कर्ष आम्हांला मान्य नाहीत. धर्मांतराने या समाजाच्या अंतर्मनात काय घडवले, हे आम्ही आमच्या आईवडिलांत पाहिले आहे, आणि ते केवळ राजकीय हिशेबात मावत नाही. पण म्हणून ग्रंथ कपाटाबाहेर ठेवावा, असे जे काही ज्येष्ठ बंधूंचे म्हणणे आहे, त्यास आमचा विरोध आहे. १९४३ मध्ये रानड्यांवरील व्याख्यानात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर जो प्रहार केला, तो आपल्याला लागू नाही असे मानायला आधार कोणता? आमच्या वर्गात विद्यार्थी या ग्रंथाच्या विरोधात बोलतील तर आम्हांला आनंदच होईल. मात्र बोलण्यापूर्वी त्यांनी तो वाचलेला असावा.

नांदेडच्या वस्तीतून हार्वर्डपर्यंत गेलेले सूरज एंगडे तरुण वाचकांना अधिक जवळचे वाटतील. 'कास्ट मॅटर्स' २०१९ मध्ये आले. २०२५ मधील त्यांचा ग्रंथ जातीचा शोध भारताच्या सीमेपलीकडे घेतो. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी तो आवर्जून वाचावा.

उलट दिशेच्या वाटेवरही वाट पाहणे आहेच. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे, इंग्रजीत गेले २०१५ मध्ये. माईसाहेबांचे, म्हणजे डॉ. सविता आंबेडकरांचे आत्मकथन १९९० चे, इंग्रजी अनुवाद २०२२ चा. ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांच्या दारोदार जाऊन लिहिलेला 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ चा, इंग्रजीत २००८ मध्ये. मात्र येथे एक फरक आहे. इंग्रजी वाचकाला उशीर झाला म्हणून त्याचे फारसे बिघडत नाही. आपल्या मुलाला आपलाच इतिहास उशिरा मिळाला, तर तो इतिहास दुसरेच कोणी त्याला भलत्या रूपात शिकवून गेलेले असते. मोबाइलवर फिरणारी, बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली वाक्ये आमचे विद्यार्थी निबंधात लिहितात. ती कोठून घेतली असे विचारले की त्यांना सांगता येत नाही. मूळ ग्रंथ हाताशी असता, तर ही वेळ आली नसती.

चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर लोक उन्हात रांगा लावून पुस्तके घेतात, हे या देशातील एक अपूर्व दृश्य आहे. पुण्याच्या सुगावा प्रकाशनाचे विलास वाघ यांच्यासारख्या माणसांनी तोटा सोसून ही भूक जागती ठेवली. पण तेथे मिळतात त्या बहुधा स्वस्त पुस्तिका. वर सांगितलेल्या जाड इंग्रजी ग्रंथांची किंमत पाहून मजुराचा हात मागे येतो, आणि ते योग्यच आहे. असे ग्रंथ संस्थांनी घ्यायचे असतात.

म्हणून माजी विद्यार्थी मंडळापुढे असलेल्या एका प्रस्तावाविषयी येथे लिहिणे भाग आहे. शाळेच्या प्रवेशद्वारी भव्य कमान उभारावी, असे घाटत आहे. कमानीला आमचा विरोध नाही. देणगीदारांची नावे त्यावर कोरली जातील, त्यातही वावगे काही नाही. आमची सूचना इतकीच की, जमणाऱ्या निधीचा तिसरा हिस्सा ग्रंथालयासाठी वेगळा काढावा, त्यातून दरवर्षी नवे ग्रंथ घ्यावेत आणि रात्रीच्या अभ्यासिकेनंतर वाचनालय तासभर उघडे राहील इतपत एका व्यक्तीच्या मानधनाची सोय व्हावी. आज ग्रंथालयाची किल्ली कार्यालयात आणि कार्यालय पाच वाजता बंद, अशी व्यवस्था आहे. मुले मोकळी होतात सहानंतर.

दुसरी विनंती इंग्रजी विषय घेऊन पदवीधर झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना. त्यांतील कितीतरी जण आज महाविद्यालयांत शिकवतात, बँकांत आहेत, मंत्रालयात आहेत. संपूर्ण ग्रंथाचा अनुवाद हे प्रकाशकाच्या परवानगीचे आणि वर्षानुवर्षांचे काम आहे. ते कोणी अंगावर घेतल्यास आम्ही पाठीशी राहू. पण एका ग्रंथाचा परिचय, दहा पानांत, सातवीच्या मुलाला कळेल अशा मराठीत लिहून देणे दोन रविवारांचे काम आहे. डॉ. पाईक यांच्या शिक्षणविषयक ग्रंथापासून सुरुवात करता येईल. पुढच्या स्मरणिकेची वाट न पाहता आलेले परिचय आम्ही शाळेच्या भित्तिपत्रकात लावू आणि त्यांच्या प्रती दोन्ही वसतिगृहांत ठेवू. लिखाण हस्ताक्षरात असले तरी चालेल. शाळेच्या पत्त्यावर, इतिहास विभागाच्या नावे पाठवावे.