उसाचं रान म्हणजे मैदान नव्हे

"चारी बाजूंना हिरवंगार रान पडलंय, मग गावाला बाग कशाला हवी?" माळशिरस तालुक्यातल्या महाळुंग-श्रीपूरसारख्या गावात उद्यानाचा किंवा मैदानाचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला. विचारणारा मनापासून विचारतो, म्हणून उत्तरही मनापासून द्यायला हवं.

रान हिरवं आहे, पण ते आहे कुणाचं? उसाच्या फडाला मालक असतो, बांध असतो, बांधावरून भाऊबंदकी असते. दिवाळीपर्यंत ऊस माणसाच्या डोक्यावर जातो. मग आत ना वाट दिसते ना आभाळ. सापाची भीती पूर्वीपासून होतीच, आता बिबट्याची भर पडली. दिवसभर घर आणि शिलाई मशीन सांभाळलेली बाई संध्याकाळी सात वाजता "जरा पाय मोकळे करून येते" म्हणत उसाच्या बांधाने निघेल का? गुडघे धरलेले आजोबा काठी टेकत सरीतून चालतील का? सहा वर्षांच्या नातवाला कुणी फडात खेळायला धाडेल का? रान डोळ्यांना गार वाटतं, पण ते कामाचं ठिकाण आहे. जिथे मजुरी करून पाठ मोडते तिथेच विसावा घ्या, असं सांगणारा स्वतः कधी विसाव्याला तिथे बसलेला नसतो.

मग चालणारी माणसं जातात कुठे? रस्त्यावर. आणि गळीत हंगाम लागला की रस्ता कुणाचा असतो, हे श्रीपूरला कुणी शिकवायला नको. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रॉलीबाहेर हातभर आलेला ऊस, मागे दिवा नाही. पहाटेच्या अंधारात त्याच कडेने साखरेचा आजार झालेली माणसं डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चालत असतात. शाळेतली पोरं तिथेच धावायचा सराव करतात, कारण पोलीस भरतीला धावणं लागतं आणि धावायला दुसरी जागा नाही. रस्त्यावरच्या या व्यायामाला आपण इतके सरावलोय की त्यातला धोकाही दिसेनासा झालाय.

श्रीपूर हे मुळात कारखान्याने वसवलेलं गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी 1934 मध्ये बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट काढली आणि नीरेच्या पाण्यावर इथे साखर कारखाना उभा राहिला. पुढे पांडुरंग सहकारी कारखान्याने श्रीपूरचं नाव जिल्हाभर नेलं. त्याच आगाशे यांचं नाव पुण्यातल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयाला आहे. तिथे क्रीडाशिक्षक घडतात. ज्या माणसाच्या नावाने पुण्यात मैदान राबतं, त्याच्या कर्मभूमीतल्या पोरांनी डांबरी रस्त्यावर धावावं, हे मला तरी सहन होत नाही.

आता दुसरा आक्षेप. हा जास्त वजनदार आहे. "आधी नळाला पाणी द्या, गटारं बांधा, मग बागा." ग्रामपंचायत जाऊन 2021 मध्ये नगरपंचायत आली, त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली निवडणूक लागली. नव्या नगरपंचायतीकडून लोकांनी पहिल्यांदा पाणी मागावं, यात गैर काहीच नाही. पण बाग ही पाण्याची सवत आहे, असं कुणी ठरवलं? राज्यघटनेच्या चौऱ्याहत्तराव्या दुरुस्तीने नागरी संस्थांसाठी बारावी अनुसूची आली, तिच्यात 18 विषय आहेत. पाणीपुरवठा त्यात आहे, सार्वजनिक आरोग्य आणि स्वच्छता आहे, आणि बाराव्या क्रमांकावर उद्यानं, बगिचे, क्रीडांगणं आहेत. एकाच पंगतीतली ही पानं आहेत. एकाला वाढलं म्हणून दुसऱ्याला उपाशी उठवायचं, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

आणि खरा मुद्दा तर पुढेच आहे. पाइपलाइन पाच वर्षं उशिरा आली तर लोकांचे हाल होतात, पण ती टाकता येते. गटार दहा वर्षांनी बांधता येतं. मोकळी जागा मात्र एकदा गेली की गेलीच. गावाचं शहर होताना सगळ्यात आधी होतं ते प्लॉटिंग. कालपर्यंत ऊस होता तिथे चुन्याच्या रेघा पडतात, रंगीत झेंडे लागतात, कोपऱ्यावर बोर्ड येतो. राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के जागा खुली ठेवावी लागते. आपल्या भाषेत सांगायचं तर एकरभर प्लॉटिंगमागे चार गुंठे. हे चार गुंठे तिथे घर बांधणाऱ्या सगळ्यांचे असतात, प्लॉटच्या भावात त्यांची किंमत वसूल झालेली असते. नकाशावर ते हिरव्या रंगात दिसतात. प्रत्यक्षात तिथे काय असतं? खडी-वाळूचे ढीग, एखाद्याचा गोठा, गणपतीच्या मंडळाची पत्र्याची शेड, नाहीतर नुसत्या वेड्या बाभळी.

चार गुंठे म्हणजे काय होतं, म्हणून नाक मुरडणारे भेटतात. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असतं, म्हणजे सव्वा गुंठ्यापेक्षा किंचित जास्त. चार गुंठ्यांत ते बसतं, कडेने फिरायची वाट बसते, दोन कडुनिंब आणि एक करंज बसतो, करंजाखाली म्हाताऱ्यांसाठी पार बसतो. अ‍ॅम्स्टरडॅम शहरात 1947 पासून पुढच्या तीस वर्षांत आल्डो व्हॅन आयक या वास्तुरचनाकाराने अशाच उरल्यासुरल्या जागांवर मुलांसाठी सातशेच्या वर खेळाच्या जागा केल्या. दोन घरांमधला पडका प्लॉट, चौकातला कोपरा, महायुद्धात उजाड झालेली जमीन, जे सापडेल ते घेतलं. आत एक वाळूचा हौद, चढायला लोखंडी नळ्यांची कमान, उड्या मारायला सिमेंटचे गोल ठोकळे, एवढंच. अनेक ठिकाणी ही मागणी त्या त्या गल्लीतल्या रहिवाशांनीच पालिकेकडे केली होती. युद्धाने खंक झालेल्या शहराला हे परवडलं.

मोठ्या आरक्षणांची गोष्ट याहून नाजूक आहे. विकास आराखड्यात एखादी जमीन बागेसाठी राखली आणि 10 वर्षांत संपादन केली नाही, तर नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 प्रमाणे मालक खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत काही हालचाल झाली नाही, तर आरक्षण आपोआप उडतं. मालकाचंही यात चुकत नाही. त्याची जमीन किती वर्षं अडकवून ठेवणार? "बागेचं बघू पुढे" म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं. पुढे बघायला जागाच उरत नाही. जागा हातात असेल तर मात्र कायदा पाठीशी उभा राहतो. बंगळूरमध्ये उद्यानाची राखीव जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा रहिवासी न्यायालयात गेले आणि 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो व्यवहार रद्द ठरवला. रुग्णालयासारखं चांगलं कामही उद्यानाच्या जागेवर चालणार नाही, इतकं ते स्पष्ट आहे.

"बाग केली की दारुडे बसतात" हा तिसरा आक्षेप. हे बोलणाऱ्यांनी जे पाहिलंय ते खरंच पाहिलंय. पण दारुडा कुठे बसतो? जिथे दिवा नाही, माणसाचा वावर नाही, घसरगुंडीचा पत्रा फाटलाय आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नाही, तिथे. चारी बाजूंनी घरांची दारं उघडतात अशा जागेत संध्याकाळी पन्नास पोरं आणि वीस बाया असल्या, तर तो आपण होऊन दुसरीकडे जातो. रोग ओसाडपणाचा आहे, म्हणून औषध वर्दळ हेच. गावाबाहेर स्वस्तात मिळाली म्हणून घेतलेली जागा याच कारणाने फसते.

पाण्याची अडचण मी कमी लेखत नाही. माळशिरस तालुका पर्जन्यछायेतला, उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणूनच हिरवळीचा हट्ट सोडावा. लॉन हे या मातीतलं नव्हेच. कडुनिंब, चिंच, वड, शिरीष यांना पहिले तीन उन्हाळे बादल्यांनी जगवलं की पुढे ती आपली आपण उभी राहतात. खाली मुरुमाची दाबलेली जमीन ठेवली, की खेळायला तीच उत्तम. आडसाली उसाला दीड वर्ष पाटाने पाणी पाजणाऱ्या मुलखाने वीस झाडांच्या बादल्या मोजत बसावं, हे पटत नाही.

विरोधकांशी बोलून झालं. आता आपल्याच बाजूच्या लोकांशी दोन शब्द. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने 'नमो उद्यान' या नावाने राज्यातल्या 394 नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना प्रत्येकी 1 कोटी रुपये जाहीर केले, आणि त्यावर विभागवार स्पर्धा व बक्षिसंही ठेवली. पैसा येतोय, याचा आनंद आहे. पण स्पर्धा म्हटली की कमान आली, कारंजं आलं, रंगीत दिव्यांचे खांब आले, "आय लव्ह" लिहिलेली मोठी अक्षरं आली. महिन्याभरात सगळ्यांचे फोटो काढून होतात. दोन वर्षांत कारंजं बंद पडतं आणि वीजबिल तेवढं उरतं. एकच देखणं उद्यान प्रभागा-प्रभागांतल्या सगळ्यांचं होऊ शकत नाही. महाळुंगच्या यमाईच्या देवळापासची आजी श्रीपूरच्या टोकाला रोज चालत जाणार नाही, श्रीपूरच्या चाळीतली पोरगी रोज महाळुंगला जाणार नाही. मुलींचं तर अंतरावरच सगळं ठरतं. आईच्या हाकेच्या टप्प्यात मैदान असेल तर बाराव्या वर्षानंतरही ती खो-खो खेळेल, नसेल तर तिचं खेळणं तिथेच थांबेल. म्हणून त्या कोटीतून एका ठिकाणी शोभा करण्यापेक्षा दहा-बारा ठिकाणी सावली, मुरूम, नळ, स्वच्छतागृह आणि भक्कम दिवा करावा. बक्षीस नाही मिळालं तर नाही.

मोकळी जागा ही बाहेरून आणलेली चैन आहे, असं मानणाऱ्यांनी आषाढीच्या दिवसांत आपल्याच वाटेवर उभं राहून पाहावं. तुकोबांची पालखी अकलूजला गोल रिंगण घेते, माळीनगरला उभं रिंगण होतं आणि मग इकडूनच ती बोरगावच्या मुक्कामाला जाते. गोल रिंगणाला लागतं काय? ना चौथरा, ना छप्पर, ना कारंजं. अश्वाला दौडता येईल आणि लाखभर माणसांना भोवती उभं राहता येईल अशी रिकामी, सपाट जमीन. तालमीची लाल माती, चावडीपुढची जागा, पालखीतळ ही सगळी आपलीच घडवणूक होती. गायरानं आणि पडीक जागा असताना ती सांभाळायला वेगळा कायदा लागला नाही. आता प्रत्येक गुंठ्याला भाव आलाय, म्हणून लागतो.

त्यामुळे कोटी रुपयांतला पहिला खर्च फरशीचा किंवा कमानीचा नसावा. तो मोजणीच्या फीचा असावा. मंजूर झालेल्या प्रत्येक रेखांकनातली खुली जागा भूमी अभिलेख खात्याकडून मोजून घ्यावी, सातबाऱ्यावर ती कुणाच्या नावाने आहे ते तपासून नगरपंचायतीचं नाव लावावं, आणि यादी कार्यालयाच्या भिंतीवर गटनंबरासह सगळ्यांना वाचता येईल अशी चिकटवावी. मोजणीचा दिवस रविवारचा मिळाला तर फार बरं. त्या गल्लीतल्या पोरांना तेव्हा सोबत घ्यावं आणि हद्दीचे चारही दगड त्यांच्याच हातांनी चुन्याने रंगवून घ्यावेत.