अभंग सोडून बोलू नका

सप्ताहातलं कीर्तन रात्री अकराच्या सुमाराला संपतं. मंडपातून बाहेर पडलेली मंडळी चपला शोधता शोधताच महाराजांचा निकाल लावून मोकळी होतात. आवाज गोड होता, टाळकऱ्यांची साथ चांगली होती, दृष्टांतांनी हसून हसून पुरेवाट झाली, हे सगळं मान्य करून एखादे आबा शेवटी म्हणतात, ‘‘बाकी बरं झालं, पण महाराज अभंग सोडून बोलले.’’ आमच्या हिंगोलीकडे कीर्तनकाराला याहून कडक शेरा नाही.

सेवेला घेतलेला अभंग एकच असतो, चार-पाच चरणांचा. त्याच्यावर दोन तास उभं राहायचं. एकेक चरण घ्यायचा, त्याला ज्ञानेश्वरीचं नाहीतर गाथ्याचं प्रमाण द्यायचं, आणि जिथं संताचं नाव येतं त्या शेवटच्या चरणापर्यंत पोचायचंच. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांना तो अभंग पाठ असतो. अडचणीचा चरण आला की काही महाराज मृदंगाकडे हात करतात, गजर वाढवतात आणि तेवढ्यात पुढच्या चरणावर जातात. पाठ असलेल्या माणसाला ते बरोबर कळतं.

गाण्याचा अर्थ लावायला कुणाची परवानगी लागत नाही. अभंग असो, सिनेमातलं गाणं असो की दूरदर्शनवरच्या मालिकेचं शीर्षकगीत. कानावर पडलं की ते ऐकणाऱ्याचं झालं. माझी अट एकच, आबांचीच. जो चरण आपल्या अर्थात बसत नाही, तो गाळून पुढे जायचं नाही.

या अटीवर आमच्या जिल्ह्यातलं सगळ्यात नावाजलेलं गाणंच घासून बघतो. संत नामदेव (1270 ते 1350) नर्सीचे. शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. त्यांतल्या राग भैरवातल्या एका पदात देऊळ फिरल्याची गोष्ट येते. आमच्याकडे ती गोष्ट औंढा नागनाथला घडली असं लहानपणापासून सांगतात, आणि पुरावा म्हणून नंदी दाखवतात. इथला नंदी देवासमोर नाही, देवळाच्या मागे आहे. देऊळ नामदेवांकडे फिरलं आणि नंदी जागेवरच राहिला, असा अर्थ. गाभारा खाली, उतरून जावं लागतं. दर्शन झालं की माणसं मागे जाऊन नंदी बघतात, हात जोडतात, ‘‘केवढा चमत्कार!’’ म्हणतात आणि गाडीत बसतात.

आता पद बघा. त्यात चमत्काराला जागा अगदी थोडी आहे, आणि तीही शेवटी. त्याआधी एक माणूस हसत-खेळत देवळात येतो. भक्ती चाललेली असताना त्याला धरून उठवलं जातं. तो देवाला विचारतो की माझी जात हीन, मग मला या जन्माला घातलंस तरी कशाला? मग तो आपली कांबळी उचलतो, पाठ फिरवतो आणि देवळाच्या मागे जाऊन बसतो. कांबळीचा तो तपशील मला फार मोठा वाटतो. हाकललेला माणूस भांडत नाही, शिव्याशाप देत नाही, पण आपलं अंथरूण मागे सोडूनही जात नाही. देऊळ फिरतं ते यानंतर.

आम्ही मात्र शेवटचा चरण घेतला आणि वरचे चरण गजरात बुडवले. कुणी उठवलं, कशासाठी उठवलं, हे नंदीजवळ उभं राहून सहसा कुणी विचारत नाही. माझ्या वाचण्याप्रमाणे तर पदातली खरी खोच आणखी पुढे आहे. देवाने देऊळ फिरवलं, पण ‘या जन्माला का घातलंस’ याचं उत्तर दिलं नाही. प्रश्न तसाच राहिला. चमत्काराने तो मिटला असं समजणं म्हणजे अभंग सोडून बोलणंच. हा अर्थ सगळ्यांना पटेल असं नाही. पटला नाही तर खोडून काढा, फक्त पद समोर ठेवून.

एका गाण्याला दोन अर्थ असले म्हणून काही बिघडत नाही, ही गोष्टही नर्सीतच शिकावी. आषाढीला पंढरपूरला जाऊन आलेली माणसं नंतरच्या कामिका एकादशीला परतवारीसाठी नर्सीला येतात, त्याशिवाय वारी पुरी झाली असं आमच्याकडे मानत नाहीत. नांदेडला आलेले पंजाबातले भाविकही इथं येतात. नामदेवांच्या पदात विठ्ठल म्हटलं की वारकऱ्याला विटेवरचा, कमरेवर हात ठेवलेला देव दिसतो. शीख भाविकाला त्याच नावात रूप नसलेला, सगळीकडे भरून राहिलेला देव ऐकू येतो. दोघांचेही अर्थ पदाला धरून आहेत, म्हणून दोघेही एकाच ठिकाणी डोकं टेकवतात. यातलं कुठलं पद पहिल्या नामदेवांचं आणि कुठलं नंतरच्या एखाद्या ‘नाम्या’चं, हा अभ्यासकांचा वाद चालू राहील. श्रोता त्याच्या निकालासाठी थांबलेला नाही.

बायकांना तर गाण्याचे दोन अर्थ जपून वापरायचे हे शिकवावं लागलं नाही. जात्यावर बसून सीतेच्या वनवासाची ओवी म्हणायची. ओसरीवरच्या सासूला ती रामायणातली सीता. शेजारच्या घरात जागी असलेल्या जावेला मात्र पक्कं कळतं की हा वनवास कुठल्या घरातला आहे. कुणी हटकलंच तर ‘‘मी तर सीतामाईचं म्हणत होते’’ असं म्हणून पीठ भरायला मोकळं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रभरातून जमवलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. त्या वाचताना उघड अर्थ सोडून लगेच ‘स्त्रीचं दुःख’ असा मथळा देण्याची घाई होते. सीता आधी सीता असू द्यावी. ती खरी वाटली नाही तर तिच्या आड लपणारही कोण?

हीच घाई एकनाथांच्या विंचवाच्या भारुडाची होते. विंचू म्हणजे काम-क्रोध, उतारा म्हणजे सत्त्वगुण, हे शाळेतलं पोरही सांगतं. नाथांनी भारुडातच तशी किल्ली ठेवली आहे. पण ज्याने कडब्याची गंजी उपसताना किंवा बांधावरचा दगड उलटताना विंचवाचा हिसका घेतला आहे, तो ते भारूड वेगळं ऐकतो. घाम सुटतो, छातीत धडधडतं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. जालना जिल्ह्यातून आलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात महाडला लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, तोवर हा विंचू जीव घेणारा होता. विंचवाची भीती उरली नाही तर काम-क्रोधाचीही उरत नाही. मग भारूड म्हणजे स्नेहसंमेलनातला नाच होतो. तो आम्ही केला आहेच.

याच्या उलटी गंमत ग्रेस यांच्या गाण्यांची. नागपूरच्या या कवीने ‘महाश्वेता’ मालिकेच्या शीर्षकगीताला शब्द दिले, हृदयनाथांनी चाल बांधली, लतादीदी गायल्या. गावोगावच्या दूरदर्शन संचासमोर माणसं ते ऐकून गप्प झाली, आणि ‘अर्थ काय?’ विचारलं तर एकालाही धड सांगता येईना. त्यात कमीपणा काही नाही. चुकतं पुढे. ग्रेस यांच्या दुसऱ्या एका प्रसिद्ध गाण्याला कवीच्या घरातली म्हणून एक गोष्ट जोडलेली मोबाइलवर फिरते. ती वाचली की लोकांना सगळं गाणं एकदम ‘समजतं’. खरीखोटी देव जाणे. पण ती गोष्ट कळल्यावर शब्द ऐकायचं कुणाला कारण उरत नाही. कवीच्या घरातलं कळलं म्हणजे कविता कळली असं नव्हे. आबांच्या भाषेत, हेही अभंग सोडूनच झालं.

तेव्हा पुढच्या वेळी औंढ्याला जाल तेव्हा मागचा नंदी जरूर बघा. पण घरून निघण्याआधी ते पद पहिल्या चरणापासून एकदा मोठ्याने वाचा, आणि सोबत पोरं असतील तर नामदेवांना कुणी आणि का उठवलं, हेही त्यांना सांगा. गुरू ग्रंथ साहिबात ते पान 1164 वर आहे.