बंब आला, माणूस कुठे? छोट्या शहरांच्या अग्निशमन दलाचं अर्धवट राहिलेलं काम

९ जानेवारी २०२१, मध्यरात्र उलटून गेलेली. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात आग लागली. आत १७ बाळं होती. ७ वाचली, १० दगावली. त्यातली बहुतेक धुरात गुदमरून.

अशा घटनेनंतर पहिला प्रश्न ठरलेला असतो: बंब किती वेळात पोहोचला? बंद खोलीतला धूर काही मिनिटांत जीव घेतो, म्हणून खरा प्रश्न वेगळा आहे. ती खोली आधी कोणी तपासली होती?

मराठीत 'बंब' म्हणजे न्हाणीघरातला तांब्याचा आणि रस्त्यावरचा लालही. मूळ शब्द पोर्तुगीज, अर्थ पंप. छोट्या शहरांत अग्निशमन दल म्हणजे फक्त हा पंप, अशी समजूत होऊन बसली आहे.

जबाबदारी कोणाची?

मुंबईत हे काम १८८७ मध्ये पोलिसांकडून महापालिकेकडे आलं, तेव्हा बंब घोडे ओढायचे. १४ एप्रिल १९४४ च्या गोदी स्फोटात तिथल्या ६६ जवानांचा जीव गेला. देशभरातला अग्निशमन सप्ताह त्यांच्याच स्मरणार्थ असतो. नगरपालिकांच्या वाट्याला मात्र आधी कायद्यातली ओळ आली. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने आग विझवणं बंधनकारक कर्तव्य ठरवलं, दिवाबत्ती आणि गटारांच्याच यादीत. पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नगरपालिकांच्या कामांत धरली.

कर्तव्य आलं, माणसं आली नाहीत. कारण साधं आहे. गाडी अनुदानातून एकदाच घेता येते, नारळ फोडून फोटोही काढता येतो. फायरमनच्या पदाला मात्र तीस वर्षं पगार द्यावा लागतो, आणि आस्थापना खर्चाचं नाव निघालं की नगरपालिका मागे सरते. मग कंत्राटी मुलं आणि टँकरवरचाच चालक यांच्यावर काम भागतं. मोठी आग लागली की शेजारचा तालुका, एमआयडीसी नाहीतर साखर कारखान्याचा बंब मागवायचा.

२००६ च्या कायद्याने काय बदललं?

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने आगप्रतिबंधाची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा वापरणाऱ्यावर टाकली. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे 'नमुना ब', परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं. कल्पना उत्तम. पण ते खरं आहे का, हे जागेवर जाऊन पाहणारा प्रशिक्षित अधिकारी जिथे नाही, तिथे कागद फाइलला लागतो आणि विषय संपतो. भंडाऱ्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या फायर ऑडिटचे आदेश निघाले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातला अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण गेले.

आता पैसा आहे, तो कुठे जावा?

राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी केंद्राने २०२३ मध्ये ५,००० कोटींची योजना आणली. त्यातून गाड्या येतील, यायलाच हव्यात. जुन्या बंबांचे हाल कोणालाही दिसतात. पण त्या गाड्यांसोबत पदं मंजूर करणं राज्याच्या हातात आहे. एका नगरपालिकेला अग्निशमन अधिकारी परवडत नसेल तर शेजारच्या तिघींनी मिळून एक नेमावा.

तोवर आपल्या शहरातल्या प्रसूतिगृहाचा, मंगल कार्यालयाचा किंवा कोचिंग क्लासचा शेवटचा 'नमुना ब' कधी दाखल झाला, हे माहिती अधिकारात नगरपालिकेला विचारता येतं. अर्जाचं शुल्क १० रुपये.